ऑटो स्विच काढा म्हणत नाही, पण टायमर लावा



बोडीत मासे सोडले की पाणी राखावंच लागते. दिवाळीनंतर बोडी हळूहळू उतरते, फेब्रुवारी लागला की ऊन आणि वारा मिळून रोज थोडं थोडं पाणी नेतात. बोअरवरून भरायची म्हटलं तर लाईन पाळीनं. एक आठवडा दिवसा, दुसरा आठवडा रात्री. नागझिऱ्याच्या कडेला रात्री बारा वाजता बॅटरी घेऊन बांधावरून जाणे काय असते, हे इथल्या माणसाला सांगायला नको. 1970 पासून हे अभयारण्य आहे, 2013 मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला, आणि 2023 च्या मे महिन्यात ब्रह्मपुरीकडच्या दोन वाघिणी आणून इथे सोडल्या. वाघ असू द्या, माझी काही तक्रार नाही. पण अस्वल, बिबट आणि मी, तिघांनीही एकाच वेळी बोडीवर असायची गरज नाही.

म्हणून मोबाईल स्टार्टर ही चैन नाही. त्यात सिमकार्ड असते. घरून फोन केला की मोटार चालू, फोन केला की बंद. लाईन आली-गेली तेही कळते. ड्राय रन आणि सिंगल फेजचं संरक्षण असलेलाच घ्यावा. बोडीत फ्लोट लावला की पाणी भरल्यावर मोटार आपोआप थांबते, बांध फुटायची भीती नाही. फ्लोटची वायर मात्र कमी व्होल्टेजचीच पाहिजे. पाण्यात 230 व्होल्ट सोडू नका, त्या पाण्यात आपली पोरं उतरतात.

आता वादाची गोष्ट. ऑटोवर ठेवलेला स्टार्टर लाईन येताच मोटार सुरू करतो. एकाची सुरू झाली तर काही नाही. पण एका 63 केव्हीएच्या डीपीवर 5 एचपीच्या दहा मोटारी धरा. चालू मोटार साधारण साडेसात अँपिअर घेते, दहांचे झाले 75. डीपी 84 पर्यंत देते, म्हणजे जेमतेम निभते. पण सुरू होताना तीच मोटार सहापट ओढते. दहाही एकदम उठल्या की साडेचारशे अँपिअर! फ्यूज जातो, नाहीतर व्होल्टेज इतकं पडते की मोटारी नुसत्या घुमत राहतात आणि तापतात. रोज असंच चाललं तर डीपी किती दिवस टिकेल? ती जळली की ऐन उन्हाळी धानात सगळेच बसतात, ज्याच्याकडे ऑटो नाही तोही.

महावितरण वारंवार सांगते, ऑटो स्विच काढा, कॅपॅसिटर बसवा. कॅपॅसिटरचं बरोबर आहे, 5 एचपीला 2 केव्हीएआरचा बसवावा, करंट कमी होतो. ऑटो काढायचं मात्र मला पटत नाही. रात्रीची लाईन देऊन वर ऑटोही काढा म्हणणे म्हणजे माणसाला अंधारात पाठवणे आहे. दिवसाची लाईन द्या, आम्ही स्वतः काढू. तोवर मधला रस्ता सोपा आहे. बहुतेक स्टार्टरमध्ये उशिरा सुरू करायचं सेटिंग असते, नसेल तर वेगळा टायमर मिळतो. पहिल्याची मोटार लाईन आल्यावर एक मिनिटाने, दुसऱ्याची दोन, तिसऱ्याची तीन. दहावा दहा मिनिटं थांबला तर त्याचं धान वाळत नाही.

माशांबद्दल थोडं. पाण्यातला ऑक्सिजन पहाटे सगळ्यात कमी असतो. रोहू-कटला तोंड वर काढून हवा घेताना दिसले की समजायचं. एरेटरला पहाटे तीन ते सहाचा टायमर लावता येतो, पण त्या वेळी लाईनच नसेल तर टायमर काय करेल? मासे बेताचे सोडा, दुकानदार काहीही म्हणो.

मोटार दुरुस्तीला जाताना ऑटो बंद करून भागत नाही. मेन स्विच पाडा आणि फ्यूज काढून खिशात ठेवा. लाईन सांगून येत नाही.

आमच्या डीपीवर दहा जण आहोत. सातांनी टायमर लावला. दोघं म्हणाले, बघू. एकाचं म्हणणं, माझीच मोटार आधी सुरू झाली पाहिजे. पहिला नंबर त्याला दिला, आता तोही लावतो म्हणाला.