पोथ्या मोजून सत्य ठरत नाही

आमच्या ग्रंथाच्या एवढ्या हजार पोथ्या आहेत, म्हणून त्यात लिहिलंय ते घडलंच, हा युक्तिवाद ऐकला की माझं डोकं फिरतं. पोथी एवढंच सिद्ध करते, की कुणीतरी समोरच्या पोथीवरून नक्कल केली. एका चुकीच्या शंभर नकला झाल्या, तर चूक शंभर ठिकाणी टिकते; खरी होत नाही.

ख्रिस्ती प्रचारक नव्या कराराच्या पाच हजारांहून जास्त ग्रीक हस्तलिखितांचा आकडा तोंडावर फेकतात. मार्ककृत शुभवर्तमानाची शेवटची बारा वचनं चौथ्या शतकातल्या सायनाय आणि व्हॅटिकन प्रतींत नाहीत, हे मात्र गिळून टाकतात. पुनरुत्थित येशूचं दर्शन मार्कमध्ये त्याच वचनांत येतं.

आपल्याकडे तर याहून मोठी लबाडी चालते, कारण आपल्याला अज्ञानाची सबब नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेत १९१९ ते १९६६ एवढा काळ महाभारताची चिकित्सक आवृत्ती घडत होती. १२५९ हस्तलिखितं तपासली गेली. तिचे संपादक विष्णु सीताराम सुकथनकर यांनी पोथ्यांची डोकी मोजली नाहीत, त्यांची कुळं शोधली. काश्मीरची शारदा लिपीतली पोथी आणि केरळची मल्याळम लिपीतली पोथी, देशाच्या दोन टोकांच्या. त्या जिथं एक बोलतात तिथला पाठ जुना. मधल्या मुलखातल्या ढीगभर फुगलेल्या पोथ्या त्यापुढं हलक्या.

या कसोटीत गणपती लेखनिक म्हणून उरला नाही. वस्त्रहरणाच्या वेळी द्रौपदीनं केलेला कृष्णाचा धावा मुख्य पाठातून गेला. ‘सूताला वरणार नाही’ असं म्हणून तिनं भर स्वयंवरात कर्णाला झिडकारलं, तो प्रसंगही तळटीपेत गेला. या एका वाक्यासाठी आपण तिला पिढ्यान्‌पिढ्या उद्धट ठरवलं, कथा-कादंबऱ्यांतून झोडपलं. हा अन्याय आहे, आणि पुरावा छापून हाती आल्यावरही तो चालू ठेवणं हा निर्लज्जपणा आहे.

‘पंडितांनी आमचं महाभारत छाटलं’ ही ओरड तर निखालस खोटी. एकही ओळ फेकलेली नाही. वगळलेला प्रत्येक श्लोक, कोणत्या पोथीत आहे आणि कोणत्या पोथीत नाही या नोंदीसह, तळटीपांत नाहीतर परिशिष्टात छापलेला आहे. पण त्यासाठी खंड उघडावा लागतो.

आणि सुकथनकरांनी हा व्यासांचा मूळ शब्द आहे असा दावा कधीच केला नाही. हाती असलेल्या पोथ्यांवरून मागं जाता येईल तेवढा जुना पाठ, इतकंच ते म्हणाले. त्या पोथ्या तरी बहुतेक गेल्या पाचेकशे वर्षांतल्या. तरीही श्लोकांतल्या ग्रहस्थितीवरून युद्धाचा नेमका दिवस काढणारे विद्वान व्यासपीठावर मिरवतात आणि सभागृहं टाळ्या पिटतात. त्यांना विचारा: हा श्लोक कोणत्या पोथ्यांत आहे, पाठभेद काय, तुम्ही हाच पाठ का धरला? उत्तर आलं नाही, तर टाळ्या न वाजवता उठून या.