नुसता ‘व्ह्यू’ नकोय

ग्रुपवर पोल पडलाय: तापोळ्याला अख्खी बोट भाड्याने घ्यायची, की ‘लेक व्ह्यू’ रिसॉर्ट? माझं मत बोटीला. मी सांगलीचा, २०१९ च्या महापुरापासून पाण्याची धास्ती आहे, तरीही.

शिवसागर म्हणजे कोयना धरणाचं पाणी. त्याखाली १९६० च्या दशकात उठवलेली गावं आहेत. जमिनीसाठी त्या धरणग्रस्तांची आंदोलनं अजून चालतात. बामणोलीहून वासोट्याला जाताना आमच्या बोटवाल्याने मध्येच इंजिन बंद केलं, पाण्याकडे हात केला: “इथं आज्याचं शेत हुतं.” इन्फिनिटी पूलमधून हे ऐकू येत नाही. बोटीत एसी नाही, टॉयलेट नाही, मान्य. पण पैसे थेट त्याच्या हातात पडले.

पोलमध्ये आम्ही दोन मतांनी मागे आहोत. अजून तिघांनी मत दिलेलं नाही.