हिशोबाची वही : काकांचे फिरते घर



गेल्या महिन्यात रविवारची वंदना आटोपली आणि विहाराच्या पायरीवर आमच्या बौद्धवाडीतले एक काका माझी वाट पाहत बसलेले दिसले. मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत कागद. काकी शेजारी उभ्या. मी क्लार्क माणूस. कागदांची पिशवी दिसली की समजतो, आज जेवायला उशीर होणार.

काका म्हणाले, "भाऊ, आम्ही दोघं एस.टी.च्या टपावरच्या बोचक्यासारखी झालोत. चार महिने मुंबईला थोरल्याकडे, दोन महिने पुण्याला लेकीकडे, बाकी इथं. आमचं घर नक्की कुठलं, तेच कळत नाही. नातवाने मोबाईलवर दाखवलं, अमेरिकेत म्हातारी माणसं गाडीतच घर करून राहतात. मीही एक जुना टेम्पो घेऊ का?"

काकी हसल्या. मीही हसलो. पण काकांच्या डोळ्यांत हसू नव्हते. पिशवीतला खरा कागद त्यांनी मग काढला. मुंबईचा मुलगा घर घेतोय, त्याला रक्कम कमी पडतेय. वाडीतल्या घराच्या जागेला गिऱ्हाईक आले आहे. जागा विकायची, आणि काकांच्या फंडाचे उरलेले तीन लाखही मुलाच्या हवाली करायचे, असे घरात ठरत आले होते. सही तेवढी बाकी होती.

आपल्या समाजात हा प्रश्न एकट्या काकांचा नाही. मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत, महापालिकेत, कंपन्यांत आयुष्य घालवून परतलेली माणसे कोकणातल्या प्रत्येक बौद्धवाडीत आहेत. मुंबईतली खोली मुलांना पुरत नाही, गावचे घर आठ महिने कुलपात. उत्पन्न थोडे आणि मुक्काम तीन. म्हणून आज वही उघडू या.

आधी टेम्पोचा निकाल लावू. अमेरिकेत असे लोक खरेच आहेत. घरभाडे परवडत नाही म्हणून उतारवयात गाडीत संसार थाटतात आणि हंगामी कामे शोधत फिरतात. त्यांच्यावरचा 'नोमॅडलँड' हा २०२० चा सिनेमा ऑस्करला पोचला. लांबून ही हौस वाटते, पण पुष्कळांच्या मागे तुटपुंजी पेन्शनच आहे. आपल्याकडचे ऊसतोड कामगारही बैलगाडीत, ट्रॅक्टरमध्ये संसार घालून फिरतात, ते का हौसेने? महाराष्ट्र सरकारने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, पण ते खिशात पैसा असलेल्या पर्यटकांचे काम. जुन्या टेम्पोला विमा लागतो, पीयूसी लागते, टायर, डिझेल, दुरुस्ती लागते. वयाच्या पंचावन्नानंतर लायसन्स पाच-पाच वर्षांनी नवे करावे लागते. काकांची सगळी पेन्शन डिझेलच्या टाकीत गेली असती.

आपली फिरती गाडी आधीच दारात उभी आहे. ती लाल आहे आणि तिचा विमा, टायर, ड्रायव्हर सगळे महामंडळ पाहते! एस.टी.त ६५ ते ७५ वर्षांच्या नागरिकांना अर्धे तिकीट आहे. ऑगस्ट २०२२ पासून ७५ पूर्ण केलेल्यांना प्रवास फुकट आहे. मार्च २०२३ पासून सर्व महिलांना अर्धे तिकीट आहे. काका सत्तरीचे, काकी त्रेसष्टच्या. म्हणजे दोघांचे मिळून एकच तिकीट. काका पंचाहत्तरीचे झाले की दोघांचे मिळून अर्धेच. मात्र ही सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली, त्या भरवशावर बेत आखू नका. साठीपुढच्या पुरुषांना आणि पंचेचाळीसपुढच्या महिलांना खालचा बर्थ मिळण्याची सोय आहे, ती आरक्षण करताना मागून घ्या.

आता काकांचे उत्पन्न. काका तरुणपणी गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि त्यांची नोकरी गेली ती गेलीच. पुढे चौदा वर्षे मिळेल ते काम. १९९६ ला एका कंपनीत लागले, २०१३ ला अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले. ईपीएस-९५ पेन्शनचे सूत्र सोपे आहे. पेन्शनसाठी धरलेला पगार गुणिले नोकरीची वर्षे, भागिले सत्तर. त्या वेळी पगाराची मर्यादा ६,५०० रुपये होती. ६,५०० गुणिले १७ भागिले ७०, म्हणजे १,५७९ रुपये. सतरा वर्षांच्या घामाचे महिन्याला एवढेच. सप्टेंबर २०१४ पासून किमान पेन्शन हजार रुपये झाली, ती वाढावी म्हणून पेन्शनरांनी किती मोर्चे काढले. त्या लढ्यात आपणही असले पाहिजे. पण मोर्चाचा निकाल लागेपर्यंत चूल पेटती ठेवायची आहे.

फंडाचे तीन लाख पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले तर? एप्रिल २०२३ मध्ये या योजनेचा दर ८.२ टक्के झाला. खाते उघडतो त्या दिवशीचा दर पाच वर्षे टिकतो, म्हणून आधी पोस्टात चालू दर विचारावा. ८.२ ने तीन लाखांवर तिमाहीला ६,१५० रुपये, म्हणजे महिन्याला २,०५० पडतात. काकींना लाडकी बहीण योजनेचे १,५००. एकूण ५,१२९ रुपये.

खर्च काकींनीच सांगितला, कारण तो काकांना ठाऊक नव्हता! किराणा-मासळी १,९००, गॅस ४५०, वीज आणि घरपट्टी ३००, औषधे ६००, मोबाईल २००, प्रवास सरासरी ५००, विहाराची वर्गणी आणि नात्यातली लग्नकार्ये ४००. बेरीज ४,३५०. उरले ७७९. तांदूळ-गहू या हिशोबात नाहीत, कारण केशरी-पिवळ्याच्या घोळातून सुटून काकांचे कार्ड प्राधान्य यादीत आहे. माणशी पाच किलो धान्य जानेवारी २०२३ पासून मोफत आहे.

मी वही काकांपुढे सरकवली. म्हणालो, "काका, तीन लाख गेले तर २,०५० गेले. मग ७७९ शिलकीच्या जागी १,२७१ ची तूट. ती दर महिन्याला मुलाकडे मागावी लागेल. आणि ज्या घरी मागायला बसायचे, त्या घरी पाहुणा म्हणून चार महिने कसे राहाल?"

काका गप्प. काकी मात्र पटकन म्हणाल्या, "मी हेच सांगत होते."

दुसरा खड्डाही दाखवला. लाडकी बहीणचे पैसे वयाच्या ६५ पर्यंतच. दोन वर्षांनी काकींचे १,५०० थांबतील. त्या दिवसाची वाट न पाहता, वयाचा आणि उत्पन्नाचा दाखला जमवून श्रावणबाळ योजनेची चौकशी तहसील कार्यालयात आधीच करायची. ही योजना ६५ वर्षांपुढच्यांना आहे, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत लागते, मदत महिना १,५०० आहे. पेन्शन आणि व्याज मिळून काकांचे उत्पन्न त्या मर्यादेपुढे जाते. म्हणून त्या १,५०० वर विसंबून न राहता ती तूट मुलगा आणि लेक यांनी मिळून भरायची, हे आजच बोलून ठेवायचे. ज्यांना कसलीच पेन्शन नाही अशा आपल्या विधवा आई-मावश्यांनी मात्र हा अर्ज चुकवू नये.

मित्रहो, फिरते राहणे आपल्याला नवे नाही आणि कमीपणाचेही नाही. तथागत बुद्ध पस्तिसाव्या वर्षी संबोधी मिळाल्यावर पंचेचाळीस वर्षे चारिका करीत राहिले. ऐंशीव्या वर्षी कुशीनगरला महापरिनिर्वाण झाले तेही वाटेवरच. आपल्या थकलेल्या देहाला त्यांनी आवळून-बांधून कशीबशी चालणाऱ्या जुन्या गाडीची उपमा दिली होती. पण लक्षात घ्या, पावसाळ्याचे तीन महिने ते एका जागी राहत. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास. आणि भिक्खूच्या गरजेच्या वस्तू आठच : तीन चीवरे, पात्र, कमरपट्टा, वस्तरा, सुई आणि पाणी गाळण्याचे फडके. फिरायचे तर ओझे कमी आणि मुक्काम पक्का, हा धडा यात आहे.

आपल्या जिल्ह्यातलाच दाखला घ्या. सुभेदार रामजी सकपाळ पलटणीतून निवृत्त झाले ते दापोलीत येऊन राहिले. मग साताऱ्यात नोकरी धरली, १९०४ च्या सुमारास मुंबईत परळच्या डबक चाळीत एका खोलीत संसार मांडला. उतारवयात, पेन्शनच्या आधाराने हा माणूस तीन गावे फिरला, कशासाठी? पोराच्या शिक्षणासाठी. तो पोरगा म्हणजे आपले बाबासाहेब. रामजीबाबांच्या हाती पेन्शन स्वतःची होती.

म्हणून वहीत मी काकांना तीन खुंट्या लिहून दिल्या.

पहिली खुंटी, वर्षावासाचे घर. वाडीतले घर विकायचे नाही. जूनच्या आधी कौले परतून घ्यायची, घरपट्टी थकवायची नाही, मतदार यादीत नाव इथेच ठेवायचे. पावसाळ्यात दोघांनी इथेच राहायचे, विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' चे वाचन असतेच. दिवाळीनंतर मुंबई, सहा डिसेंबरला चैत्यभूमी, मग पुणे. कुलूप असताना घराची एक किल्ली शेजारी द्यावी. बंद घर वाळवी आधी खाते आणि भाऊबंदकी नंतर.

दुसरी खुंटी, स्वतःच्या नावाचे पैसे. पोस्टाच्या खात्यात दोघांची नावे ठेवावी. एटीएम कार्ड आणि त्याचा नंबर नातवालाही देऊ नये. घर मुलाच्या नावे करायचेच झाले, तर सांभाळ करण्याची अट बक्षीसपत्रात लिहून घ्यावी. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचे २३ वे कलम अशा लिहिलेल्या अटीच्या जोरावर व्यवहार रद्द करून देऊ शकते. तोंडी वचनाला तिथे फार जोर नाही. दाद प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणात मागता येते. अडचणीत १४५६७ हा ज्येष्ठांचा फोन नंबर आहे.

तिसरी खुंटी, चालते कागद. पूर्वी गाव बदलले की पेन्शन, रेशन, दवाखाना सगळे अडायचे. आता तसे नाही. जानेवारी २०२५ पासून ईपीएस पेन्शन देशातल्या कोणत्याही बँकेच्या शाखेतून काढता येते. हयातीचा दाखला मोबाईलवर चेहरा दाखवूनही देता येतो, आणि दिल्या तारखेपासून वर्षभर चालतो. रेशन अंगठा देऊन मुंबईच्या दुकानातही उचलता येते. सत्तरीपुढच्या प्रत्येकाला ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान कार्डावर वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार आहेत. काकांनी ते लगेच काढावे. काकींसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. पण ही कार्डे दवाखान्यात दाखल झाल्यावरच्या उपचारांची. रोजच्या बी.पी.च्या गोळ्या जनऔषधी दुकानातून घ्या, स्वस्त पडतात. या सगळ्यांसाठी आधारला जोडलेला मोबाईल नंबर चालू हवा. सिम बदलले आणि आधारला कळवले नाही, म्हणून पेन्शन अडलेली माणसे मी दर महिन्याला पाहतो.

आणि मुलाकडे जाताना रिकाम्या हाताने जाऊ नये. तांदूळ, कुळीथ, आमसुले, सुकी मासळी, जे असेल ते न्यावे. सुनेच्या हातात महिन्याचे हजार रुपये ठेवावे, किराणा तिथे वाचतोच. पाहुणा आणि घरचा माणूस यात फरक एवढाच असतो.

उरलेल्या ७७९ चे काय? त्यातून काकी-काकांनी जवळची चारिका करावी. मंडणगडजवळ बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे, दापोली तालुक्यातली पन्हाळेकाजीची २९ लेणी, महाडचे चवदार तळे, महाडलाच हायवेच्या कडेची गांधारपाल्याची लेणी. सगळीकडे अर्ध्या तिकिटात जाता येते. आणि दोन-तीन वर्षे शिल्लक साठली की बोधगया. मुंबईहून हावड्याला जाणारी एक मेल गयेवरून जाते.

काकांनी सही केली नाही. मुलाला मीच फोन लावून दिला. तो चिडला. म्हणाला, "परक्याने आमच्या घरात पडू नये." त्याचेही खोटे नाही. दहा बाय बाराच्या खोलीत चार माणसे, त्याची ओढाताण मला दिसते. मी त्याला म्हटले, "बाबा रे, तुझ्या कर्जाचे हप्ते वीस वर्षांचे आहेत. तुझ्या आई-वडिलांचे उत्पन्न बुडाले तर त्यांचाही हप्ता तुलाच भरावा लागेल. हे पैसे पोस्टात आहेत ते तुझ्याच भल्याचे आहेत." तो काही बोलला नाही. पंधरा दिवस फोन आला नाही.

परवा काका भेटले. पोस्टाचे पासबुक खिशात होते. म्हणाले, "पोराचा फोन आला. कौलं परतायला मे महिन्यात येतोय म्हणाला."

काकी मागून म्हणाल्या, "आला की त्याला वही दाखवा हां भाऊ. सुनेचे हजार लिहायला विसरू नका."

जयभीम!