पुढचं चाक हवेत

लेखाचं नाव वाचूनच वॉर्डन सर चष्मा नाकावर खाली ओढून बघणार, हे मला माहीत आहे. सर, आधी पूर्ण वाचा, मग केबिनमध्ये बोलवा. आणि मित्रांनो, तुम्हीही "झालं, हा आता प्रवचन झोडणार" म्हणून पान उलटू नका. मला व्हीली मारायला आवडतं. आजही आवडतं. नाही म्हणालो तर रूम पार्टनरच हसेल.

हे खूळ काही आमच्या बॅचने आणलेलं नाही. आरएक्स १०० च्या जमान्यातले काका लोक अजून डोळे मिटून त्या गाडीचं नाव घेतात. अकरा घोड्यांचं इंजिन, पण वजन जेमतेम शंभर किलो! मग १९९९ मध्ये सीबीझेड आली, २००१ मध्ये पल्सर आणि २००४ मध्ये 'धूम'. तेव्हाचे सीनियर्स (जे आता फॅमिली कारमधून गेट-टुगेदरला येतात आणि आम्हाला "सांभाळून चालवा रे" म्हणतात) सांगतात की पिक्चर सुटल्यावर पार्किंगमधून एकही गाडी सरळ बाहेर पडायची नाही. पण खरा फरक पडला तो २०१२ मध्ये २०० ड्यूक आणि २०१३ मध्ये ३९० ड्यूक आल्यावर. आपल्या चाकणला तयार होणारी गाडी, ईएमआयवर मिळणारी, आणि पहिल्या गिअरमध्ये पुढचं चाक आपणहून हलकं होणारी. बाकीचं काम मोबाईलच्या कॅमेऱ्याने केलं.

आता थोडं टी.ओ.एम. बिगर-मेकॅनिकल वाचकांनी दोन मिनिटं सहन करावं.

३९० च्या पहिल्या मॉडेलचा टॉर्क ३५ न्यूटन-मीटर. प्रायमरी ८०/३०, पहिला गिअर ३२/१२, चेन-स्प्रॉकेट ४५/१५. सगळं गुणलं की इंजिनचा टॉर्क मागच्या चाकापर्यंत जाताना २१ पटीने वाढतो. चाकाची त्रिज्या साधारण ३० सेंटीमीटर धरा, दहा टक्के घर्षणात घालवा, तरी रस्त्यावर २,२०० न्यूटनच्या आसपास जोर मिळतो. आणि मी, गाडी आणि पेट्रोल मिळून सव्वादोनशे किलो, म्हणजे तेही २,२०० न्यूटनच! गुरुत्वमध्य मागचं चाक जिथे टेकतं तिथून जितका पुढे, साधारण तितकाच जमिनीपासून वर असतो. म्हणजे गाडीच्या वजनाइतका जोर मागून मिळाला की पुढचं चाक उचलायलाच हवं. १५० च्या पल्सरचा टॉर्क १२-१३ न्यूटन-मीटर. म्हणून तिच्यावर क्लच सोडून हँडलला हिसका द्यावा लागतो, आणि ड्यूकवर नुसतं मनगट वळवलं तरी काम होतं. गणित सुटलं त्या रात्री मी इतका खूश झालो की एम-थ्रीची केटी विसरलो.

पण गणिताची दुसरी बाजू मी नंतर सोडवली. चाक उचलायला ताकद लागते, उचललेलं ठेवायला नाही. जसजसं पुढचं चाक वर जातं तसतसा गुरुत्वमध्य मागे सरकतो आणि लागणारा जोर कमी होत जातो. ४५ अंशांच्या आसपास तो बरोबर मागच्या चाकाच्या डोक्यावर येतो. तिथे जोर शून्य. त्याच्या पुढे गाडी आपल्याला पाठीवर घालायला येते. म्हणजे बोटावर उभा धरलेला झाडूच. असा झाडू पडायला किती वेळ घेतो ते मी ढोबळ काढलं. त्याचा टाईम कॉन्स्टंट साधारण एक तृतीयांश सेकंद येतो. माणसाला काहीतरी बिनसलंय हे कळून पाय हलवायलाच त्यातला बहुतेक वेळ जातो. त्यामुळे व्हीलीत जीव वाचवणारी वस्तू थ्रॉटल नाही, तर मागचा ब्रेक. तो हलका दाबला की पुढचं चाक खाली येतं. ज्याचा उजवा पाय सतत मागच्या ब्रेकवर नाही त्याला व्हीली येत नाही, त्याची गाडी फक्त उचलली जाते.

माझी फक्त उचलली जात होती.

ठाकुर्लीचा ९० फुटी रस्ता आपल्यापैकी सगळ्यांना माहीत आहे. रुळांना समांतर, सरळ, रुंद. संध्याकाळी भुट्टेवाले आणि जोडपी, सकाळी चालायला येणारे लोक. ठाण्याची पोरं घोडबंदरच्या सर्व्हिस रोडला किंवा उपवनला जातात, आपली इथे. आमचा शहाणपणाचा मुद्दा असा, की रविवारी पहाटे सहाला रस्ता रिकामा असतो. फेब्रुवारीतला रविवार. मित्राची ड्यूक, दुसरा मित्र फुटपाथवर मोबाईल धरून. माझ्या डोक्यात हेल्मेट होतं, एवढं एकच डोकं मी त्या दिवशी वापरलं म्हणायचं. पहिल्या चार वेळा चाक छातीपर्यंत आलं आणि टेकलं. पाचव्यांदा वर गेलं ते जातच राहिलं. समोर रस्त्याऐवजी आभाळ दिसायला लागलं. ब्रेक दाबायचा हे मला पाठ होतं, ओरलमध्ये विचारलं असतं तर फाडफाड सांगितलं असतं. पाय मात्र फूटरेस्टवरच राहिला. मी हँडल सोडून मागे उतरलो, म्हणजे पडलो. गाडी एकटीच पुढे गेली.

बिनड्रायव्हरची दीडशे किलोची गाडी तीस-चाळीस फूट घासत जाताना काय आवाज करते तो मला लिहिता येणार नाही. कडेने एक आजोबा चालत होते. गाडीने त्यांना स्पर्शही केला नाही. ते बाजूला व्हायला गेले, कठड्यावर अडखळले आणि हात टेकून पडले. डाव्या मनगटाचं हाड मोडलं.

रिक्षाने दवाखान्यात नेलं, मुलाला फोन केला, प्लॅस्टरचे पैसे आम्ही वर्गणी काढून दिले. तक्रार त्यांनी केली नाही. मी चार दिवसांनी त्यांच्या घरी गेलो ते खरं सांगायचं तर माफी मागण्यापेक्षा तक्रार होणार नाही ना हे बघायलाच जास्त. आजोबा कल्याणच्या लोको शेडमधून रिटायर झालेले. चहा झाला. कुठल्या वर्षाला, कुठली ब्रँच, गाव कुठलं, सगळं विचारून झालं. मग म्हणाले, "बाळा, मला एक सांग. ब्रेक लागला नाही, की तू लावला नाहीस?"

लोको शेडमधल्या माणसाचा प्रश्न तो. त्यात राग नव्हता, त्यांना फॉल्ट कुठे आहे तेवढं हवं होतं. मी म्हटलं, "लावला नाही, आजोबा." ते "हं" म्हणाले आणि बिस्किटं पुढे केली.

निघताना त्यांचा मुलगा जिन्यापर्यंत आला. तो म्हणाला ते मात्र अजून टोचतं. आजोबांना एका हाताने पायजम्याची नाडी बांधता येत नाही. घरात दुसरं कोणी नाही. म्हणून सकाळी त्यांना आंघोळ घालून, कपडे घालून मग तो निघतो, आणि त्याची रोजची फास्ट लोकल चुकते. डोंबिवलीहून एक लोकल चुकणं म्हणजे काय हे या मासिकाच्या वाचकांना समजावून सांगायची गरज नाही. सहा आठवडे.

आणि आमचा व्हिडिओ? तो होस्टेलच्या ग्रुपवर त्याच दुपारी फिरला. "लेजंड", "भाऊ उडाला", हसण्याचे चेहरे. व्हिडिओत आजोबा नाहीत. ते फ्रेमच्या बाहेर होते.

माझं म्हणणं आहे ते इथून. "मला येते, मी कंट्रोलमध्ये असतो" हे वाक्य मी कट्ट्यावर पन्नासदा ऐकलंय, दहादा स्वतः म्हटलंय. येते तो माणूस आधी शंभरदा पडलेला असतो. खरे स्टंट रायडर्स ज्या गाडीवर शिकतात ती बघा. इंजिनभोवती लोखंडी पिंजरा, मागे जमिनीला घासणारा बार, मोठं मागचं स्प्रॉकेट, काहींना मागच्या ब्रेकसाठी हँडलवर वेगळा लिव्हर. म्हणजे गाडी पडणार हे गृहीत धरूनच सगळी तयारी. जपानच्या यासुयुकी कुडो यांनी ५ मे १९९१ रोजी एका चाकावर न थांबता ३३१ किलोमीटर गाडी चालवली. ठाण्याहून निघाले असते तर पुणे ओलांडून पार साताऱ्याच्याही पुढे गेले असते! गाडी कुठली, तर २१६ सीसीची होंडाची ट्रायल्स बाईक. आणि जागा, वाहनं तपासायचा बंदिस्त ट्रॅक. ताकदीच्या गाडीचा मोह आपल्याला का पडतो? तर ती न शिकता चाक उचलून देते म्हणून.

शिकायचं तर पडावं लागणार, याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण रस्त्यावर आपण पडतो तेव्हा गाडी कुठे जाईल हे आपण ठरवत नाही. पुढचं चाक हवेत असताना स्टिअरिंग नाही, पुढचा ब्रेक नाही. समोरच्याला आपण काहीही न विचारता आपल्या प्रॅक्टिकलमध्ये घेतलेलं असतं. आणि पहाटेचा रस्ता रिकामा नसतो. तेव्हा दूधवाले असतात, पेपरवाले असतात, एमआयडीसीतून रात्रपाळी करून अर्धवट झोपेत सायकलवर निघालेले असतात, आणि डॉक्टरांनी चालायला सांगितलेले सगळे आजोबा-आजी असतात.

कायद्याचं थोडक्यात सांगतो, कारण त्याने कोणी घाबरत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम १८४, २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला एक ते पाच हजार दंड, किंवा सहा महिने ते वर्षभर कैद, किंवा दोन्ही. शिवाय भारतीय न्याय संहितेचं कलम २८१. चालवणारा अठराच्या आतला असेल तर पालकांना २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद. आमच्या हिशोबात दंड गाडीच्या खर्चापेक्षा स्वस्तच पडतो. चाक आपटून आपटून कोनसेट जातो, फोर्कचे ऑइल सील गळतात, क्लच प्लेट जळतात, चेन सैल पडते. सेकंडहँड ड्यूक घेणाऱ्यांनी हँडल डावी-उजवीकडे फिरवून बघावं. मधे खटकन अडकलं तर मालक काय करत होता ते कळतं.

आता स्टाफसाठी. सर, गेटवर "स्टंट केल्यास कारवाई" असा बोर्ड लावून गेटच्या आतलं थांबलं, बाहेरचं वाढलं. आपलंच कॉलेज बाहाची टीम पाठवायला तयार असतं. २००७ पासून पिथमपूरला ही स्पर्धा होते. तिथे गाडी ट्रॅकवर सोडण्याआधी ब्रेक टेस्ट असते. चारही चाकं लॉक झाली नाहीत तर गाडी कितीही भारी असो, बाजूला उभी. तिथे कोणी म्हणत नाही की कॉलेज पोरांना उड्या मारायला शिकवतंय. जानेवारी २०२४ मध्ये पुण्यात बालेवाडीच्या क्रीडासंकुलात सुपरक्रॉस लीगची पहिली रेस झाली, मातीचे डोंगर रचून, तिकीट लावून. म्हणजे चाक हवेत नेणं हा गुन्हा नाही, जागा चुकीची आहे. ठाण्यापासून कल्याणपर्यंत क्रिकेटला टर्फ मिळतं, तासाच्या भाड्याने. गाडी शिकायला, नुसता इमर्जन्सी ब्रेक नीट मारायला शिकायलासुद्धा, दोनशे फूट मोकळी जागा मिळत नाही.

सरांचं म्हणणं मी ऐकलंय. उद्या कोणी पडला तर जबाबदार कोण? अगदी बरोबर. मला स्वतःला याचं पक्कं उत्तर माहीत नाही. जागा दिली तरी काही जण रस्त्यावर जाणारच, हेही मी मान्य करतो, कारण ट्रॅकवर बघायला मुली नसतात. (संपादकांनी हे वाक्य ठेवलं तर आभार.)

तरी आम्ही सात जणांनी अर्ज दिला आहे. वर्कशॉपच्या मागचा पडीक प्लॉट, महिन्यातून दोन रविवार, एक सर हजर, पूर्ण गिअर असल्याशिवाय प्रवेश नाही, आणि पहिले दोन महिने फक्त ब्रेकिंग. त्यात व्हीली हा शब्दही नाही. पालकांच्या सहीचा फॉर्म सोबत जोडला आहे. माझ्या फॉर्मवर सही घ्यायला घरी सगळं सांगावं लागलं, ते वेगळंच रामायण. असो.

आजोबांचं प्लॅस्टर निघालं. मूठ अजून पूर्ण मिटत नाही, रबरी चेंडू दाबायचा व्यायाम चालू आहे. चालायला ते आता ९० फुटीवर येत नाहीत, सोसायटीच्या आवारातच फेऱ्या मारतात. अर्ज ऑफिसात आहे, क्लार्क काकांच्या टेबलावर डावीकडून दुसऱ्या गठ्ठ्यात.