कर्ज मंजूर झालं, पण धंदा टिकला का? परभणीच्या उदाहरणातून समजून घ्या

'इतके प्रस्ताव मंजूर, इतके कोटी वाटप.' छोट्या उद्योगांच्या योजनांबद्दल असे आकडे तुम्ही नेहमी वाचता. पण त्यातून खरंच रोजगार वाढला का, हे कळतं का?

अनुदान मिळतं कसं?

समजा, जिंतूर तालुक्यातल्या एका गावात एका महिलेने 10 लाखांची मिनी डाळमिल टाकायचं ठरवलं. केंद्राच्या 'पीएमईजीपी' योजनेत तिला स्वतःचे 50 हजार घालावे लागतात, बाकी कर्ज बँक देते. ग्रामीण भागातल्या महिलेला 35 टक्के, म्हणजे साडेतीन लाखांचं अनुदान मिळतं.

पण ही रक्कम लगेच हातात येत नाही. ती तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून राहते. उद्योग सुरू आहे का, याची प्रत्यक्ष पडताळणी झाल्यावरच ती कर्जातून वळती होते.

मग अडचण काय?

पडताळणीत मुख्य प्रश्न असतो, 'मिल सुरू आहे का?' ती वर्षातून किती महिने चालते, किती जणांना काम मिळालं, हप्ते नफ्यातून जातात की दागिने मोडून, हे त्यातून पुरेसं कळत नाही. पावसाने दगा दिला आणि तूर कमी आली, तर मिलही थांबते. कागदावर मात्र उद्योग उभाच असतो.

परिणाम मोजायचा कसा?

उत्तर परभणीहून रेल्वेने गाठता येणाऱ्या हैदराबादेत सापडतं. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी तिथल्या 104 वस्त्या निवडल्या. त्यातल्या निम्म्या वस्त्यांत सूक्ष्मकर्ज आधी पोहोचलं, उरलेल्यांशी तुलना झाली. आधीपासून धंदा असलेल्यांनी गुंतवणूक वाढवली, पण कुटुंबांचा सरासरी खर्च काही वाढला नाही. तुलना केली नसती, तर फक्त वाटलेल्या कर्जाचा आकडा दिसला असता.

तुम्ही काय विचारू शकता?

माहिती अधिकारात 10 रुपये शुल्क भरून जिल्हा उद्योग केंद्राला विचारा: तीन वर्षांपूर्वी मंजूर झालेल्यांपैकी आज किती उद्योग सुरू आहेत? तालुकानिहाय किती? किती जणांचं अनुदान वळतं झालं? साधारण 30 दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे.

पैसा आपल्याच करातून जातो. त्यामुळे बातमी मंजुरीच्या दिवशी संपत नाही. खरा निकाल चौथ्या वर्षी लागतो.