पक्के छप्पर कशाला म्हणावे?

उन्हाळा उतरणीला लागला की आपल्या सौंसर-पांढुर्णा भागात वावधानाचे दिवस येतात. दुपारपर्यंत अंगाची लाही, चार वाजता पश्चिमेला काळोख, आणि अर्ध्या तासात कुणाचा आंबिया बहार मातीत, तर कुणाच्या घरावरचे टीन शेजारच्या वावरात. दुसऱ्या दिवशी घरोघरी एकच प्रश्न असतो : आता वर काय टाकायचे? पावसाळा पंधरा दिवसांवर आलेला, मिस्त्री मिळत नाही, म्हणून मिळेल ते आणि स्वस्त पडेल ते टाकले जाते. पुढची वीस वर्षे घर त्या घाईच्या निर्णयाखाली राहते. बोरगाव आणि आसपासच्या गावांतील आपली जुनी घरे याच घाईत एकेक करून रूप आणि मजबुती दोन्ही गमावत आहेत. म्हणून हा विषय घरगुती वाटला तरी आम्ही तो या पानावर घेत आहोत.

मुळात ‘पक्के’ या शब्दानेच आपली फसगत केली आहे. २०११ च्या सामाजिक-आर्थिक व जातीय गणनेत हाताने घडवलेल्या कवेलूचे छत कच्चे धरले गेले. यंत्रावरचे कवेलू, टिनाचे व सिमेंटचे पत्रे आणि स्लॅब हे पक्के ठरले. म्हणजे सागवानी आढे-वासे असलेला, तीन पिढ्या पाहिलेला वाडा कच्चा, आणि चार बल्ल्यांवर टीन टाकून वर दगड ठेवलेली खोली पक्की! कागदाच्या सोयीसाठी केलेली ही वर्गवारी आपण प्रतिष्ठेची करून घेतली. मुलाच्या सोयरिकीसाठी पाहुणे येणार म्हणून धडधाकट कवेलू उतरवून टीन चढवलेली घरे प्रत्येक गावात सापडतील.

वाऱ्याला मात्र ही वर्गवारी ठाऊक नसते. वारा छपराला वरून दाबतो असा आपला समज; प्रत्यक्षात तो छपरावरून वाहताना त्याला वर ओढतो, आणि सर्वांत जास्त ओढ कडांना, कोपऱ्यांना व आढ्यापाशी असते. वाऱ्याच्या बाजूचे दार उघडे राहिले तर आतूनही ढकलतो. तीन फूट रुंद आणि दहा फूट लांब पत्र्याचे वजन बारा-तेरा किलो. ताशी ९० किलोमीटरचा वारा त्याला शंभर किलोच्या आसपास जोराने उचलू शकतो. वेग दुप्पट झाला की हा जोर चौपट होतो. वाऱ्यासंबंधीच्या भारतीय मानकात शेजारच्या नागपूरसाठी धरलेला मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर आहे. अशा वाऱ्यापुढे वर ठेवलेले दगड काय करणार? उलट पत्र्याबरोबर तेच दगड उडतात आणि माणसाच्या डोक्यात बसतात. पत्रा वजनाने टिकत नाही, बांधणीने टिकतो. बोरगावच्या औद्योगिक क्षेत्रातील शेडवरही पत्राच असतो. तो टिकतो कारण हिशेब करून, कैचीला आवळून बसवलेला असतो.

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगड किनाऱ्यावर आदळले तेव्हा कोकणाने हाच धडा घेतला. कौले उडाली, पत्रे उडाले; पण वासे भिंतीला आणि भिंत पायाला नीट जखडलेली होती, तिथे घराचा सांगाडा वाचला आणि दुरुस्ती सोपी झाली. आपल्याकडे समुद्र नाही, पण वावधान आहे आणि गारपीटही आहे. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपीट या भागातला शेतकरी अजून विसरलेला नाही.

आता निवडीचा प्रश्न. आमच्या मते तो असा पाहावा.

देशी कवेलू थंड असते. एक फुटले तर एकच बदलता येते. पण दरवर्षी पावसाळ्याआधी फेरावे लागते, फेरणारे हात कमी झाले आणि माकडांचा उच्छाद वाढला, हेही खरे. ज्यांचे आढे-वासे शाबूत आहेत त्यांनी निदान राहत्या खोलीवरचे कवेलू मोडू नये. मंगलोरी म्हणजे इंग्रजी कवेलू हा मधला मार्ग आहे. १८६५ साली बासेल मिशनने मंगळूरला त्याचा कारखाना काढला आणि तिथून ते देशभर पसरले. उतार नीट असेल आणि कडेच्या व आढ्याजवळच्या ओळी गॅल्व्हनाइज्ड तारेने रीपेला बांधल्या, तर ते वाऱ्याला चांगले तोंड देते.

टीनच टाकायचे असेल तर भावाआधी जाडी विचारा. अर्धा मिलिमीटरपेक्षा पातळ घेऊ नये. जस्ताचा थर किती, हे विचारा. तो कमी-जास्त असतो, आणि जास्त थराचा पत्रा उशिरा गंजतो. खिळे न ठोकता वॉशरसह हुक-बोल्ट वापरावेत आणि ते पन्हाळीच्या उंचवट्यावर घ्यावेत. कडेला व आढ्याला ते जवळजवळ असावेत. पत्रा भिंतीबाहेर दीड फुटापेक्षा जास्त काढू नये. वासा भिंतीला लोखंडी पट्टीने जखडलेला नसेल तर वरचे सगळे बोल्ट व्यर्थ, कारण मग पत्रा वाशांसकट जातो. आणि उन्हाचे काय? मे २०१३ मध्ये नागपूरला पारा ४७.९ अंशांवर गेला होता. अशा दिवसांत उघड्या टिनाखाली म्हातारी माणसे आणि तान्ही मुले कशी राहतील? खाली बांबूच्या तट्ट्यांचे छत आणि वर पांढरा रंग, एवढे तरी करावेच.

सिमेंटच्या पत्र्यात अनेकदा अ‍ॅस्बेस्टॉस असतो. त्याची धूळ फुप्फुसात गेली तर कर्करोग होतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. वादळात फुटलेले तुकडे कोरडे झाडू नका. आधी पाणी मारा, तोंडाला मास्क लावा, जाड प्लॅस्टिकमध्ये बांधा, आणि गोठ्यात किंवा अंगणात भर म्हणून टाकू नका. राहिला स्लॅब. चार इंची स्लॅबचे वजन चौरस मीटरला अडीचशे किलोच्या घरात जाते. मातीच्या जुडाईच्या जुन्या भिंती ते पेलत नाहीत. वेगळे कॉलम उभे करण्याची ऐपत नसेल तर त्या वाटेला जाऊ नये.

एक गोष्ट विशेष आग्रहाने सांगतो. वादळानंतर जुने लाकूड घेणारे दारात येतात. पडलेल्या घराचे सागवान भंगाराच्या भावात देऊ नका. तशी लाकडे आज विकत घेणे आपल्यापैकी बहुतेकांच्या आवाक्यात नाही.

आता हक्काचे बोलू. आपल्या राज्यात अशा नुकसानीची मदत राजस्व पुस्तक परिपत्रक ६-४ प्रमाणे मिळते. केंद्राच्या २०२२-२३ ते २०२५-२६ या काळाच्या निकषांत, किमान १५ टक्के नुकसान झालेल्या पक्क्या घरास ६,५०० रुपये, कच्च्यास ४,०००, आणि सपाट भागातील पूर्ण पडलेल्या घरास १ लाख २० हजार रुपये असे दर होते. म्हणजे पंचनाम्यात ‘आंशिक’ लिहिले की ‘पूर्ण’, ‘कच्चा’ लिहिले की ‘पक्का’, यावर सगळे अवलंबून. पटवारी येण्याआधी फोटो काढा आणि पंचनामा वाचल्याशिवाय सही करू नका. १ नोव्हेंबर १९५६ पासून आपल्या कचेरीची भाषा हिंदी झाली, पण राज्यघटनेच्या ३५० व्या कलमाने राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा अधिकार दिला आहे. ज्या आजींना मराठीच येते त्यांनी मराठीत अर्ज द्यावा. तो नाकारता येत नाही.

दुसरी अडचण आपल्याच घरातली आहे. घर पणजोबांच्या नावावर, वारस नागपूर-पुण्याला, नामांतरण कुणी केलेले नाही. मदतीचा पैसा मग कुणाच्या खात्यात जाणार? एप्रिल २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणातील घरांचे अधिकार अभिलेख तयार होऊ लागले. त्यात आपले नाव आहे का, हे भावाबहिणींनी एकत्र बसून, वादळाची वाट न पाहता तपासावे.

शासनाकडे आमची मागणी साधी आहे. पांढुर्णा जिल्हा ऑक्टोबर २०२३ मध्ये झाला, कचेरी जवळ आली; आता पंचनामेही लवकर व्हावेत. ‘निसर्ग’नंतर महाराष्ट्राने पूर्ण पडलेल्या घरांची मदत ठरल्या दरापेक्षा वाढवून दीड लाख केली होती, तसे मध्य प्रदेशालाही करता येईल. आणि सागवानी सांगाड्याचे कवेलूचे घर केवळ कवेलूमुळे कच्चे लिहिले जाऊ नये.

समाजाकडेही मागणे आहे. प्रत्येक गावात कवेलू फेरणाऱ्यांची यादी करावी, उतरवलेली चांगली कवेलू एका जागी साठवावीत, आणि बोल्ट-पट्ट्यांची खरेदी दहा घरांनी मिळून करावी. पूर्वी घर शाकारायला सारी आळी यायची. ती रीत पुन्हा धरली तर मृगापूर्वी एकही घर उघडे राहणार नाही.