‘कोइने’ आणि सामायिकतेचा भाबडा समज

शब्दाची व्युत्पत्ती हाती लागली म्हणजे त्याची संकल्पनाही हाती लागली, असे मानणारी एक वृत्ती मराठी समीक्षेत रुजलेली आहे. ‘कोइने’ या संज्ञेच्या वापरात तिचे दर्शन घडते. ग्रीक ‘कोइनॉस’ म्हणजे सामायिक. म्हणून कोइने म्हणजे सर्वांची भाषा. आणि प्रमाण मराठी सर्वांची असल्याने तीही कोइनेच, असा हा युक्तिवाद. यातील पहिले विधान बरोबर आहे, दुसरे अर्धेमुर्धे आणि तिसरे सर्वस्वी चूक.

इंग्रजीने या मुळापासून घेतलेले शब्दच पाहावेत. ‘सेनोबाइट’ म्हणजे सहजीवन जगणारा मठवासी. चौथ्या शतकात इजिप्तमध्ये पाखोमिअसने ज्या मठांची घडी बसवली, तेथील सहजीवन गावापासून फारकत घेऊनच शक्य झाले होते. भिंतीआतले सामायिक ते बाहेरच्याला वर्ज्य. (याच ‘सेन’चा आभास ‘सेनोटाफ’ आणि ‘सेनोझोइक’ या शब्दांतही होतो, पण पहिल्यात ‘केनॉस’, म्हणजे रिकामे, आणि दुसऱ्यात ‘काइनॉस’, म्हणजे नवे, ही भिन्न मुळे आहेत. इंग्रजी वर्णलेखनावर विसंबून व्युत्पत्ती सांगणाऱ्यांनी इतके तरी पाहावे.) ‘एपिसीन’ची कथा अधिक बोलकी आहे. डायोनिसिअस थ्रॅक्सच्या व्याकरणात ही निव्वळ लिंगविषयक संज्ञा होती: पाकोळी वा गरुड यांसारखी, नर-मादी दोहोंसाठी एकाच लिंगात चालणारी नामे. मराठीतील ‘घार’ आणि ‘साप’ याच जातीचे. इंग्रजीत मात्र ती व्यक्तीला चिकटली आणि बायकी पुरुषाला हिणवण्यासाठी वापरली जाऊ लागली. बेन जॉन्सनने 1609च्या सुमारास याच नावाचे नाटक लिहिले; त्यातली अबोल वधू अखेरीस मुलगा निघते. खुद्द ‘कोइनॉस’ला नव्या करारात ‘विटाळलेले’ असा अर्थ आहे. जे सर्वांचे, ते पवित्र नव्हे! सामायिकतेचे गोडवे गाणाऱ्यांच्या नजरेतून हा अर्थ नेमका निसटतो.

भाषेच्या कोइनेकडे वळू. अलेक्झांडरच्या स्वाऱ्यांनंतर पूर्व भूमध्य प्रदेशात पसरलेली ही ग्रीक मुख्यतः अ‍ॅटिक बोलीवर उभी होती, आयोनिक मिश्रणाने घडलेली होती, आणि तिच्यामागे सैन्य, व्यापार व राज्यकारभार होता. पपायरसवरील पत्रे आणि पावत्या अभ्यासून अ‍ॅडॉल्फ डाइसमन याने नव्या कराराची भाषा ही रोजच्या व्यवहारातली ग्रीक असल्याचे दाखवले, हे खरे. पण ती व्यवहाराची झाली म्हणून तिचा साम्राज्याशी असलेला संबंध पुसला जात नाही.

आजच्या भाषाविज्ञानात कोइने ही प्रक्रियेची संज्ञा आहे. परस्परांना समजणाऱ्या बोली एकत्र येतात, ठळक भेद झिजतात, रूपे सुलभ होतात, आणि नव्या पिढीच्या तोंडी एक नवी बोली स्थिरावते. जेफ सीगेलने 1985 साली या प्रक्रियेची चर्चा केली; 1879 ते 1916 या काळात करारबद्ध मजूर म्हणून फिजीत नेलेल्यांच्या भोजपुरी, अवधी आदी बोलींतून तेथील हिंदी कशी घडली, याचाही त्याने अभ्यास केला. त्या मळ्यांवर व्याकरणकार बसलेला नव्हता.

प्रमाण मराठीचा इतिहास याच्या उलट आहे. मोल्सवर्थचा 1831चा कोश, दादोबा पांडुरंगांचे 1836चे व्याकरण, शाळाखात्याची क्रमिक पुस्तके यांतून एका विशिष्ट वर्गाच्या बोलीला मान्यता मिळाली. येथे मिश्रणापेक्षा निवड प्रभावी ठरली. आणि निवड म्हटली की निवडणारा आला. प्रमाणभाषेला ‘कोइने’ म्हटले की हा निवडणारा अदृश्य होतो, आणि वऱ्हाडी वा मालवणी बोलणाऱ्याला शाळेत ‘अशुद्ध’ ठरवणारी सत्ता सामायिकतेच्या नावाखाली निर्दोष सुटते.

सांगलीजवळच्या कुपवाडचा दाखलाही या संदर्भात पुढे केला जाईल. गंपर्झ आणि विल्सन यांनी 1971 साली तेथील मराठी, कन्नड आणि उर्दू यांची वाक्यरचना एकमेकींच्या किती जवळ आली आहे ते दाखवले. परंतु तेथे शब्दसंग्रह वेगळे राहिले, घरची भाषा ज्याची त्याच्याकडे राहिली, आणि तिन्हींची मिळून नवी भाषा झाली नाही. तेव्हा कुपवाडलाही कोइने म्हणता येणार नाही.